तलवारीचा जेडसाज

शस्त्राला जेडचा साज चढवण्याची चिनी प्रथा तलवारीहूनही जुनी आहे. तिची सुरुवात कुऱ्हाडीपासून होते. हांगचौजवळच्या फानशान येथे ल्यांगचू संस्कृतीच्या (इ.स.पू. 3300 ते 2300) दफनभूमीत 1986 मध्ये जेडची एक कुऱ्हाड मिळाली. तिचा लाकडी दांडा कधीच कुजून मातीत मिसळला होता, पण दांड्याच्या दोन्ही टोकांची जेडची टोपणे शिल्लक होती. या कुऱ्हाडीने कुणाचे लाकूड फोडले नसणार, डोके तर नाहीच. ती ज्याच्या हाती, त्याचा अधिकार, एवढेच तिचे काम. पुढे हनान प्रांतातील सानमनश्या येथे 1990 मध्ये जेडची मूठ असलेली लोखंडी तलवार सापडली. ती पश्चिम चौ काळाच्या अखेरची, म्हणजे अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. लोखंड तेव्हा नवलाईचे होते, म्हणून त्याला मूठही तोलामोलाची दिलेली दिसते.

जेडच्या या कामाला ‘कोरीव’ म्हणायचे ते केवळ सवयीने. प्राचीन चीनमध्ये वापरले जाणारे नेफ्राइट जातीचे जेड हे एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंचे बनलेले असते. त्याची कठिणता मोह्स मापावर 6 ते 6.5, साध्या पोलादी चाकूहून थोडी जास्तच, आणि चिवटपणा असा की छिन्नी लावली तर छिन्नीच बोथट व्हावी. म्हणून जेड घासावे लागते. पाणी आणि जेडहून कठीण वाळू घेऊन, दोरी, नळी किंवा फिरत्या चाकाच्या मदतीने ते कणाकणाने झिजवतात. शिकलगाराच्या सराणीवर दगड पोलादाला झिजवतो. इथे झिजायची पाळी दगडाची, आणि वेळ मात्र कितीतरी पट अधिक.

हान काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) हा साज पूर्णत्वाला गेला. संपूर्ण साजात चार नग असत. मुठीच्या टोकाला गोल चकती. मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर परजेच्या जागी आडवा तुकडा. म्यानाच्या दर्शनी बाजूला पट्टा ओवण्याची खाच असलेली लांबट पट्टी. आणि म्यानाच्या टोकाला, आपल्याकडे तहनाल असते तिथे, चौथा नग. अंगावर कधी मोड आलेल्या धान्यासारखे बारीक उंचवटे, कधी ढगांच्या वेलांट्या, तर कधी दगडातून अर्धाअधिक बाहेर आलेला, सरपटणारा, शिंग नसलेला ‘छ’ नावाचा ड्रॅगन.

चारांपैकी खरी कामाची वस्तू म्हणजे म्यानावरची पट्टी. कमरेचा पट्टा तिच्यातून जाई, त्यामुळे तलवार पट्ट्यावर मागेपुढे सरकवता येई. इतिहासकार स-मा छ्येन याने सांगितलेला इ.स.पू. 227 मधला प्रसंग प्रसिद्ध आहे. मारेकरी चिंग-ख अंगावर आला आणि छिन राज्याच्या राजाला आपली लांब तलवार उपसता येईना. ‘महाराज, तलवार पाठीवर घ्या!’ असा दरबारात ओरडा झाला. राजाने ती मागे ढकलली, उपसली आणि मारेकऱ्याला घायाळ केले. सहा वर्षांनी हाच राजा चीनचा पहिला सम्राट झाला.

1983 मध्ये ग्वांगचौ शहरात नानयुए राज्याचा दुसरा राजा चाओ मो याचे थडगे उघडले. राजा इ.स.पू. 122 च्या सुमारास वारला. त्याला रेशमी धाग्याने शिवलेला जेडचा पोशाख घातलेला होता आणि कमरेच्या दोन्ही अंगांना लोखंडी तलवारी होत्या. त्यांतल्या काहींना जेडसाज होता. शेजारच्या दालनातील एका लाखेच्या पेटीत तलवारीच्या जेडसाजाचे आणखी 43 नग निघाले. तलवारीविना ठेवलेला एवढा साज म्हणजे शस्त्रसामग्री नव्हे, तिजोरीच.

अशा तलवारी नजराणा म्हणूनही चालत. इ.स.पू. 51 मध्ये भेटीला आलेल्या, उत्तरेकडील भटक्या श्युंगनूंच्या प्रमुखाला हान सम्राटाने दिलेल्या वस्तूंत जेडसाजाची तलवार होती. पुढे गादी बळकावणाऱ्या वांग मांगची गोष्ट मासलेवाईक आहे. चांगल्या जेडने चेहऱ्यावरचा व्रण जातो, असे सांगून त्याने खोंग श्यू या परिचिताला आपल्या तलवारीवरची जेडपट्टी देऊ केली. वस्तू मोलाची म्हणून तो घेईना. तेव्हा वांग मांगने ती फोडून तुकडे केले आणि तेच त्याला दिले. औदार्य आणि डावपेच यांतला फरक या माणसाच्या बाबतीत शोधू नये.

हान साम्राज्याबरोबर हा साजही ओसरला. चिन काळात (265 ते 420) दरबारात लाकडी तलवारी आल्या. थोरांच्या मुठीला जेड, खालच्यांना शिंपला, सोने-चांदी किंवा कासवाची पाठ. म्यानावरची पट्टी मात्र गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वारांबरोबर पश्चिमेला गेली आणि सासानी इराणच्या चांदीच्या ताटांवर राजाच्या कमरेला दिसू लागली.

भारतात शस्त्रावर जेड आले ते मुघलांच्या काळी. फार्सीत त्याला यश्म म्हणतात. दगड खोतानच्या नद्यांमधला, म्हणजे चीनलाही तो पुरवणाऱ्या मुलखातलाच. पण खंजीर कमरबंदात खोवलेला असल्याने बाहेर दिसे ती मूठच, म्हणून इथल्या कारागिरांनी सगळे कसब मुठीवर ओतले. घोड्याचे किंवा नीलगाईचे डोके घडवावे, डोळ्यांत माणके बसवावीत, कुंदनाने सोन्याच्या वेली भराव्यात. दगडाच्या औषधी गुणावर श्रद्धा इथेही होतीच: हृदयाची धडधड थांबावी म्हणून ‘हौलदिली’ नावाचा जेडचा ताईत गळ्यात घालत.

मराठ्यांच्या तलवारीला हा दगड मानवला नाही. कोल्हापूरजवळच्या कागलसारख्या जहागिरीच्या गावात खंडेनवमीला पूजेत मांडायची तलवार म्हणजे पोलादी मुठीची. फार तर त्या मुठीवर सोन्या-चांदीचे तारकाम. घोड्यावरून घाव घालणाऱ्याला हाताच्या पकडीत दगड नको असतो.

या कथेला एक उलटा फेरा आहे. 1759 मध्ये छ्येनलुंग सम्राटाच्या फौजांनी खोतानसह तो सारा प्रदेश जिंकला. त्यानंतर हिंदुस्थानी जेडकाम पेइचिंगच्या दरबारात पोहोचू लागले. सम्राटाला त्याचा पातळपणा इतका भावला की त्याने त्यावर कविता रचल्या, आणि चिनी कारागीर त्या घाटाच्या नकला करू लागले. आपल्याकडे चिनी जेड पाहायचे असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या वस्तू आहेत. शस्त्रांचे दालनही त्याच इमारतीत आहे. दोन्ही एकाच फेरीत पाहावीत.