बिल वेगळे, उत्पन्न वेगळे

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या माणसाला प्राप्तिकराबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक एका वाक्याचे असतात. ‘टीडीएस कापला ना, मग झाले.’ ‘बारा लाखांपर्यंत कर नाही.’ ‘निम्मे दाखवायचे आणि मोकळे व्हायचे.’ ‘पैसे बाहेरून आले तर कर कसला?’ यातले एकही वाक्य निव्वळ थाप म्हणता येणार नाही, कारण प्रत्येकाच्या मुळाशी एखादी खरी तरतूद आहे. पगारदाराच्या बाबतीत हातात येणारी रक्कम आणि करपात्र उत्पन्न हे आकडे एकमेकांच्या जवळचे असतात आणि त्यांतला फरक कंपनीचे अकाउंट्स खाते परस्पर सांभाळते. फ्रीलान्सरच्या एकाच कमाईकडे मात्र निरनिराळे नियम निरनिराळ्या बाजूंनी पाहतात: टीडीएस बिलाकडे, प्राप्तिकर नफ्याकडे, जीएसटी वर्षाच्या उलाढालीकडे. एकाचे माप दुसऱ्याला लावले की गैरसमज तयार झालाच. (पुढचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण सीएच्या कचेरीत अजून जुनेच क्रमांक बोलले जातात, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.)

सुरुवात टीडीएसपासून करू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. एखाद्या कंपनीने तुम्हाला वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क दिले, तर कलम १९४जेखाली ती १० टक्के कापून उरलेले देते. तांत्रिक सेवा असेल तर २ टक्के, आणि काम कंत्राट या सदरात धरले तर व्यक्तीसाठी अवघा १ टक्का. म्हणजे कापलेली रक्कम तुमच्या करावर नव्हे, तर समोरच्याने कामाला काय नाव दिले यावर ठरते. ही कपात पूर्ण बिलावर होते. तुमचा खर्च किती, इतर उत्पन्न किती, हे कापणाऱ्याला ठाऊक नसते आणि ते पाहणे त्याचे कामही नाही. समजा एका आर्किटेक्टला वर्षभरात ९ लाख रुपये मिळाले आणि सगळीकडे १० टक्के कापले गेले. ९० हजार सरकारजमा झाले. अनुमानित पद्धतीने, म्हणजे जमेच्या निम्मे, त्याचे उत्पन्न साडेचार लाख धरले (या पद्धतीबद्दल पुढे), तर नव्या करप्रणालीत कर २,५०० रुपये येतो आणि तोही कलम ८७एच्या सवलतीत माफ होतो. एकूण कर शून्य. कापलेले ९० हजार पूर्ण परत मिळतात, मात्र रिटर्न भरले तरच. ‘टीडीएस कापला, आता रिटर्न कशाला’ म्हणणारा माणूस स्वतःचेच पैसे सरकारकडे सोडून देत असतो. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली की नाही हे फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसते. तिथे एक खाचखळगा आहे. कंपनी ३१ मार्चला तुमचे बिल खर्ची टाकून टीडीएस भरते आणि पैसे मे महिन्यात देते. मग तो टीडीएस एका वर्षात आणि बँकेतली जमा पुढच्या वर्षात दिसते. हा मेळ रिटर्नमध्ये बसवावा लागतो. दुर्लक्ष केले तर विसंगतीबद्दल विचारणा येऊ शकते.

याच नाण्याची दुसरी बाजू जास्त महागात पडते. टीडीएस कापलाच गेला नाही, म्हणून कर नाही, अशी समजूत विशेषतः परदेशी कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांत आढळते. भारताचा रहिवासी असलेल्या माणसाचे जगभरातले उत्पन्न इथे करपात्र असते, मग ते डॉलरमध्ये येवो की युरोमध्ये, थेट बँकेत येवो की एखाद्या ऑनलाइन पेमेंट खात्यात पडून राहो. परदेशातला ग्राहक भारतीय टीडीएस सहसा कापत नाही, इतकेच. पुण्यात बसून अमेरिकी कंपनीला मजकूर लिहून देणारी एखादी लेखिका घेऊ. वर्षाची जमा १८ लाख, कामाचा खर्च २ लाख, म्हणून उत्पन्न १६ लाख. नव्या प्रणालीत तिचा कर १ लाख २० हजार आणि ४ टक्के उपकर धरून १,२४,८०० रुपये होतो. टीडीएस वजा जाता कर १० हजार किंवा त्याहून जास्त उरत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. तिने हे काहीच न करता पुढच्या जुलैत एकदम पैसे भरले, तर कलम २३४सीखाली हप्ते चुकल्याचे ६,३०० आणि २३४बीखाली एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे ४,९९२, असे ११ हजारांवर व्याज लागते. ‘मुदतीच्या आत रिटर्न भरले, तरी व्याज का?’ हा प्रश्न दर पावसाळ्यात ऐकू येतो. रिटर्नची मुदत ही हिशेब सादर करण्याची मुदत आहे. कराची मुदत त्याच्या बरीच आधी, मार्चमध्येच संपलेली असते.

आता तो प्रसिद्ध बारा लाखांचा आकडा. पगारदार मित्र ‘पावणेतेरा लाख करमुक्त’ म्हणतो, कारण त्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. ती पगार आणि पेन्शनवाल्यांपुरतीच आहे, फ्रीलान्सरला नाही. शिवाय १२ लाख ही सरसकट करमाफी नव्हे. नव्या प्रणालीत कर ४ लाखांच्या पुढे लागू होतो आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची सवलत देऊन तो शून्यावर आणला जातो. शेअर अल्पमुदतीत विकून झालेल्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ही सवलत लागू होत नाही. पण याच आकड्याबद्दल उलट दिशेचाही एक गैरसमज आहे आणि तो फ्रीलान्सरचे जास्त नुकसान करतो: नव्या प्रणालीत वजावटी नाहीत, तेव्हा खर्चाच्या पावत्या ठेवून काय करायचे? नव्या प्रणालीने काढल्या त्या ८०सीसारख्या वैयक्तिक वजावटी, म्हणजे विमा, पीपीएफ वगैरे. कामासाठी केलेला खर्च ही वजावट नसून नफा काढण्याची रीतच आहे आणि ती दोन्ही प्रणालींत तशीच आहे. इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी, घरातल्या ज्या खोलीत काम चालते तिच्या प्रमाणात भाडे आणि वीज, हे सारे आधी वजा होते आणि मग बारा लाखांशी तुलना करायची. लॅपटॉपची किंमत मात्र एका वर्षात उडवता येत नाही. त्यावर ४० टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. नोव्हेंबरात घेतलेल्या ८० हजारांच्या लॅपटॉपचे त्या वर्षी १६ हजार, तर पुढच्या वर्षी उरलेल्या ६४ हजारांवर २५,६०० वजा होतात. एका दिवसात एकाच व्यक्तीला १० हजारांहून जास्त रोख दिले, तर तो खर्च सहसा धरला जात नाही. आणि घराचे सगळेच भाडे कामाच्या नावावर टाकणाऱ्याला, विचारणा झाली की, उत्तर सापडणे कठीण.

‘निम्मे दाखवायचे’ या सल्ल्यामागे कलम ४४एडीए आहे. ठरावीक व्यवसायांतल्या व्यक्तीची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या वर नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, वह्या ठेवण्याची सक्ती राहत नाही आणि ॲडव्हान्स टॅक्सही १५ मार्चला एकदाच भरला तरी चालतो. सोय खरोखर मोठी आहे. अडचण ‘ठरावीक’ या शब्दात आहे. यादीत वकील, डॉक्टर, अभियंते, आर्किटेक्ट, हिशेबतपासनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार आहेत; माहिती तंत्रज्ञानातले आहेत; आणि चित्रपट कलावंतही आहेत, ज्यांत कॅमेरामन, संकलक, गीतकार, पटकथाकार, संवादलेखक मोडतात. म्हणजे चित्रपटाचे संवाद लिहिणारा यादीत स्पष्टपणे येतो आणि कादंबरीचा अनुवाद करणारा येत नाही. एकाच टेबलावर एकाच लॅपटॉपवर दोन्ही कामे होत असली, तरी कायद्याची विभागणी अशी आहे. ती फारशी तर्कशुद्ध वाटत नाही, पण त्यामुळे ती बदलत नाही. मजकूर लेखक, अनुवादक, ग्राफिक डिझायनर यांनी आपले काम यादीतल्या कशात बसते याचा आधार असल्याखेरीज सरसकट निम्मे दाखवू नये. त्यांना खरा जमाखर्च मांडून आयटीआर-३ भरण्याचा मार्ग आहेच, आणि नुसता जमाखर्च मांडला म्हणून ऑडिट लागत नाही. व्यवसायाची जमा ५० लाखांच्या वर गेली की साधारणपणे तो प्रश्न येतो. यादीतल्यांनीही दोन गोष्टी पाहाव्यात. निम्म्यात सगळा खर्च गृहीत असतो, त्यातून लॅपटॉप पुन्हा वजा होत नाही. आणि निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवायचा, तर वह्या आणि, उत्पन्न किमान मर्यादेच्या वर असल्यास, ऑडिट दोन्ही गळ्यात पडतात. खरा नफा जमेच्या ८० टक्के असताना ५० टक्केच दाखवावा का, यावर सीएंमध्येही एकमत नाही. कलमात ‘किंवा त्याहून जास्त’ अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यामुळे बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक जाहीर केलेल्या उत्पन्नाच्या फार पुढे धावत असेल तर जास्त दाखवणेच शहाणपणाचे, असे माझे मत.

प्राप्तिकर शून्य आला म्हणजे जीएसटीचाही विषय संपला, असे नव्हे. यादीत बसणाऱ्या सल्लागाराची जमा २२ लाख असेल, तर त्याचे उत्पन्न ११ लाख आणि प्राप्तिकर शून्य. पण सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांच्या उलाढालीची असल्याने नोंदणी मात्र घ्यावी लागते. उलट, निर्यात केलेल्या सेवेवर जीएसटीचा दर शून्य असतो, हे ऐकून काहीजण प्राप्तिकरही शून्य धरून चालतात. वर म्हटलेल्या ‘पैसे बाहेरून आले’ या वाक्याचा उगम बहुधा हाच. महाराष्ट्रातल्यांनी राज्याचा व्यवसायकरही विसरू नये. १९७५च्या कायद्याखाली स्वतंत्र व्यावसायिकाला नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचे असतात. नोकरीत तो पगारातून गुपचूप कापला जात होता, म्हणून आठवणीत राहत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, चार-सहा लाख कमावणाऱ्याने एवढा व्याप कशाला करावा? कर लागत नसेल, तर रिटर्नही नको. पण रिटर्नची सक्ती केवळ करावर अवलंबून नाही. वजावटीआधीचे उत्पन्न किमान मर्यादेच्या वर गेले, व्यवसायाची जमा १० लाखांच्या वर गेली, किंवा वर्षात २५ हजार वा अधिक टीडीएस कापला गेला, तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. त्यातही पगारदाराचा आयटीआर-१ इथे चालत नाही. वर्षाचे सुरुवातीचे महिने नोकरीत गेले असले तरी आयटीआर-३ किंवा ४ लागतो. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतलेल्या व्यावसायिकाला जुनीकडे पुन्हा जाता येत नाही. पगारदाराला हा पर्याय दरवर्षी खुला असतो. त्याच्या सल्ल्याने प्रणाली निवडणाऱ्याने एवढा फरक लक्षात घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: हे सगळे सीए पाहील, त्यासाठीच तर त्याला फी देतो. सीए जरूर गाठावा, पण जूनच्या आधी. जुलैत गेल्यावर त्याच्या हातात असते ते संपून गेलेले वर्ष. तेव्हा तो ॲडव्हान्स टॅक्सचे हुकलेले हप्ते परत आणू शकत नाही आणि नसलेली पावती तयार करू शकत नाही. बँकेच्या पासबुकात ‘ट्रान्सफर’ एवढेच लिहिलेले ३५ हजार म्हणजे नव्या कामाचे बिल, जुन्या कामाची थकबाकी, की भावाने परत केलेले उसने पैसे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून कामाचे बँक खाते वेगळे उघडावे, बिलांना क्रमांक द्यावेत, आणि प्रत्येक बिलापुढे एकूण रक्कम, कापलेला टीडीएस व हाती आलेले पैसे असे तीन वेगळे रकाने ठेवावेत. रिटर्नमध्ये जमा म्हणून दाखवायची ती पहिल्या रकान्यातली रक्कम. नवखे लोक तिथे हमखास तिसऱ्याची बेरीज लिहितात, आणि एआयएसमधला आकडा त्यांच्या आकड्यापेक्षा मोठा निघतो.