परसबाग (लेखांक ९) : आधी चोर ओळखा, मग कुंपण घाला

गेल्या आठवड्यात आपण दोडका-पडवळाचे वेल मांडवावर चढवले. आता कोवळी दोडकी लोंबू लागली, की कोकणातल्या परसात दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो : ही आपण खायची की माकडांनी?

अनेकांची तक्रार असते, ‘गडगा आहे, काट्यांची वई आहे, वरून जाळंही टाकलंय, तरी हाती काही लागत नाही.’ बहुतेक वेळा कुंपण एका प्राण्यासाठी घातलेलं असतं आणि येतो दुसराच. म्हणून आधी नुकसान नीट बघा.

दोडका अर्धवट चावून खाली टाकलेला दिसला, तर ते लालतोंडी माकड. त्याच्या गालांत पिशव्या असतात. तुम्ही ‘हाड्!’ म्हणेपर्यंत ते गाल भरून घेतं आणि आंब्यावर बसून निवांत खातं. त्यामुळे हाकलून फायदा नाही. माल तेव्हाच गेलेला असतो. वेलाचे शेंडे, फुलं आणि पाला ओरबाडलेला असेल, तर काळतोंडं वानर. त्याला गालपिशव्या नसतात. पोटात मात्र पाला आंबवून पचवणारे कप्पे असतात. ते बसल्या जागी खात राहतं, आणि टोळी उतरली की मांडवच खाली येतो.

रात्रीचे चोर वेगळे. रताळ्याचा वाफा उकरलेला आणि बाजूला काळा-पांढरा काटा पडलेला, म्हणजे साळिंदर. मऊ मातीचा ढीग आणि शेजारी बीळ, म्हणजे घूस. कोवळी रोपं दिवसाउजेडी टोचून खाल्लेली असली, तर मोरावरही संशय घ्यावा.

आता उपाय. गडगा साळिंदराला अडवेल. माकडाला तो बसायला पार होतो. बुजगावणं चार दिवस चालतं. ते जागचं हलत नाही हे कळलं, की माकडं त्याच्या खांद्यावर बसतात. कुत्रा चांगला, पण बिबट्याच्या गावात त्याला रात्री बाहेर ठेवता येत नाही.

मासेमारीचं जुनं जाळं वरून टाकणं सगळ्यात स्वस्त. मात्र ते जमिनीपर्यंत सोडू नका. नायलॉनच्या बारीक घरांत धामण अडकते, आणि सुटायला धडपडेल तसा फास आवळत जातो. जी धामण तुमचे उंदीर खाते, तीच तुमच्या जाळ्यात मरते. खालचा हातभर भाग पत्र्याचा किंवा फळ्यांचा करा, जाळं त्याच्या वर ताणून बांधा. साप अडकलाच, तर सर्पमित्राला बोलवा.

विष, फासे किंवा घरच्या विजेची उघडी तार यांचा विचारही नको. मोर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिवाय त्या तारेला चोर कोण आणि घरचं पोर कोण, हे कळत नाही.

जागेची निवडही निम्मं काम करते. हळद, आलं, मिरची, अळू यांच्या वाटेला माकडं सहसा जात नाहीत. ती कडेला लावा. दोडकी, भेंडी, चवळी मागच्या दारापाशी, माणसांची सतत ये-जा असते तिथे. आणि फळ जून होण्याची वाट पाहू नका. कोवळा दोडका आज काढला तर तुमचा, उद्यावर टाकला तर त्यांचा.

पुढील आठवड्यात : भोपळ्यावरची फळमाशी.