भिंतीतील रिकामी नळी : नव्या घराच्या वायरिंगचे अर्थशास्त्र

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, मामल्लपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडलगत कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव आहे. केरळातील त्याच नावाच्या प्रसिद्ध पर्यटनस्थळाशी त्याचा संबंध नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा तडाखा या किनाऱ्याने सोसला. पुढे २०२१ मध्ये कोवलमच्या समुद्रकिनाऱ्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. सिरुसेरीची माहिती तंत्रज्ञान वसाहतही येथून फार दूर नाही. अशा गावात बांधल्या जाणाऱ्या घराकडून एकाच वेळी अनेक अपेक्षा असतात. मासळी टिकवण्यासाठी शीतपेटी हवी, पर्यटकांना भाड्याने देण्याच्या खोलीत वातानुकूलन हवे, मुलांच्या अभ्यासाला आणि घरून काम करणाऱ्या तरुणांना अखंड इंटरनेट हवे.

तरीही घर बांधताना कुटुंबाचे लक्ष सिमेंट, लोखंड आणि फरशीच्या दरांवर खिळलेले असते. वीज, दूरध्वनी आणि डेटा यांच्या तारा कोठून न्यायच्या, हा निर्णय बहुधा गिलाव्याच्या आदल्या दिवशी घाईने घेतला जातो. घराच्या एकूण खर्चात या कामाचा वाटा लहान असतो. पण चूक दुरुस्त करण्याचा खर्च मात्र मोठा असतो.

तार बदलते, भिंत राहते

भिंतीतील तार ही बदलता येणारी वस्तू आहे. तिचा मार्ग मात्र एकदाच ठरतो. स्लॅब ओतण्यापूर्वी आणि गिलावा होण्यापूर्वी टाकलेल्या कन्ड्युट नळीला किरकोळ खर्च येतो. तेच काम नंतर करायचे झाल्यास भिंतीत झिरी फोडणे, पुन्हा गिलावा व रंग देणे, फरशी उखडणे हे सारे ओघाने येते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर रिकामी नळी म्हणजे भविष्यातील निवडीचा हक्क अल्प किमतीत विकत घेणे होय. मागणीचे स्वरूप जितके अनिश्चित, तितके या हक्काचे मोल अधिक.

दूरसंचाराच्या क्षेत्रात ही अनिश्चितता किती आहे, हे सरकारी व्याख्यांवरूनही दिसते. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट प्रतिसेकंद मानला होता. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. त्याच काळात घरात येणारी तारही बदलली. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारेची जागा काचतंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने घेतली. घर ५० वर्षे उभे राहणार असेल, तर आज योग्य वाटणारी तार आयुष्यभर पुरेल असे मानण्यास आधार नाही. म्हणून डेटाची प्रत्येक नळी गरजेपेक्षा थोडी रुंद असावी, तिला काटकोनी वळणे नसावीत आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवलेली असावी. उद्याची तार त्याच दोरीला बांधून ओढता येते.

विजेची तार : जाडीचा हिशेब

विजेच्या तारेत खर्च वाचवण्याचा मोह प्रामुख्याने जाडीत होतो. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. गीझर, वातानुकूलन यंत्र यांसारख्या १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी सामान्यतः ४ चौरस मिलिमीटरची तार घेतात. वितरण पेटीपासून १५ मीटर अंतरावरील सॉकेटवर १६ अँपिअरचा भार आहे, असे समजू. जाण्यायेण्याची मिळून ३० मीटर तार होते. ती १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर सुमारे ९३ वॉट शक्ती तारेतच उष्णता होऊन वाया जाते. ४ चौरस मिलिमीटरची असेल, तर सुमारे ३५ वॉट. तारेतील ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाया जाणाऱ्या युनिटांपेक्षाही गंभीर बाब अशी की, हीच उष्णता नळीत कोंडून तारेवरील आवरण कमकुवत करते आणि आगीला निमंत्रण देते.

दुसरी बाब संरक्षणाची. एमसीबी हे यंत्र प्रामुख्याने तारेचे, अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून, रक्षण करते. माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून वाचवण्याचे काम ३० मिलिअँपिअर संवेदनक्षमतेचे आरसीसीबी करते. ओल्या हातांनी वावरणाऱ्या घरात ते टाळणे महागात पडू शकते. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचली पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ७३२ व आयएस ३०४३ या मानकांत अनुक्रमे वायरिंग आणि अर्थिंग यांची तपशीलवार पद्धती दिलेली आहे.

किनाऱ्यावर आणखी दोन दक्षता आवश्यक ठरतात. खाऱ्या हवेत लोखंडी नळ्या, पेट्या व स्क्रू लवकर गंजतात. त्यामुळे पीव्हीसी नळ्या, बंदिस्त पेट्या आणि न गंजणारी जोडणी श्रेयस्कर. शिवाय या भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई परिसराने महापुराचा अनुभव घेतला. मीटर, वितरण पेटी आणि तळमजल्यावरील सॉकेट पुराच्या ज्ञात पातळीच्या वर बसवले, तर पाणी ओसरल्यावर घर लवकर उजळते.

दूरध्वनी आणि डेटा : वेगळी वाट

वीज आणि डेटा यांच्या तारा एकाच नळीतून नेणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. त्यात धक्क्याचा धोका आहे आणि संदेशात व्यत्ययही येतो. दोन्ही मार्गांत साधारण एक फूट अंतर असावे. ते एकमेकांना छेदत असतील, तर काटकोनात छेदावेत. प्रत्येक खोलीतून डेटाची स्वतंत्र तार एका मध्यवर्ती पेटीपर्यंत आणावी. एका खोलीतून दुसरीत अशी साखळी जोडल्यास एक सांधा तुटताच पुढच्या खोल्यांची जोडणीही बंद पडते. 'कॅट-६' प्रकारची तार १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट प्रतिसेकंद वेग देते; सामान्य घराला ती पुरेशी आहे. वायफाय असले, तरी काँक्रीटच्या भिंती लहरींना अडवतात, म्हणून तारेची गरज संपत नाही.

या मध्यवर्ती पेटीजवळ विजेचे सॉकेट आणि बॅटरीसाठी जागा ठेवणे अत्यावश्यक आहे. जुन्या तांब्याच्या दूरध्वनीला वीजपुरवठा एक्स्चेंजमधील बॅटरीतून, त्याच तारेने होत असे. घरातील दिवे गेले तरी दूरध्वनी चालू राही. काचतंतूतून वीज वाहत नाही. घरातील फायबरचे उपकरण आणि राउटर वीज जाताच बंद पडतात. डिसेंबर २०१६ मधील वरदा चक्रीवादळासारख्या प्रसंगी, नेमकी गरज असताना, घर मुके होते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. याच किनाऱ्यावर, पुदुच्चेरीजवळील नल्लवाडू या मच्छीमार गावात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या पुढाकाराने ग्रामीण ज्ञानकेंद्र सुरू झाले होते. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या गावच्याच एका तरुणाने दूरध्वनीवरून धोक्याची सूचना दिली. केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून ती गावभर पोचली, लोक किनाऱ्यापासून दूर गेले आणि प्राण वाचले. पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित झाले. सूचना देणारी यंत्रणा कितीही प्रगत असली, तरी घरातील शेवटची काही मीटर तार आणि तिला लागणारी वीज यांवर तिची परिणामकारकता अवलंबून राहते.

धोरणाची दिशा

आदर्श इमारत उपविधी, २०१६ मध्ये २०२२ साली डिजिटल संपर्क सुविधांसाठी पुरवणी जोडण्यात आली. २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मालमत्तांना डिजिटल जोडणीच्या गुणवत्तेनुसार श्रेणी देण्याचे विनियम अधिसूचित केले. या तरतुदींचा लाभ प्रामुख्याने मोठ्या संकुलांना होईल. गावातील स्वतंत्र लहान घर, विशेषतः सरकारी साहाय्याने उभे राहणारे घर, त्यांच्या कक्षेबाहेर राहण्याची शक्यता अधिक. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. एवढ्या घरात डेटाची एक रिकामी नळी आणि छतावरील सौर पॅनेलसाठी दुसरी टाकण्याचा खर्च नगण्य आहे. नमुना आराखड्यांतच त्यांचा समावेश केल्यास लाभार्थ्याला पुढे भिंत फोडावी लागणार नाही.

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील गावांनी वीज आणि संपर्क दोन्ही गमावले होते. कोवलमला जे लागू, ते कोकणालाही लागू आहे. घरमालकाने किमान तीन गोष्टी कराव्यात : काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, वायरिंगचा नकाशा कागदावर उतरवून ठेवावा आणि गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे. एकदा गिलावा झाला की आतील नळी दिसत नाही. तिचा मार्ग सांगणारा कागद मात्र पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडतो.