गिरणी बंद झाली की रेकॉर्डिंग!

जानेफळात आमचं रेकॉर्डिंग रात्री दहानंतरच सुरू होतं. कारण साधं आहे. मित्राच्या ज्या खोलीला आम्ही ‘स्टुडिओ’ म्हणतो, तिच्या मागेच पिठाची गिरणी आहे. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकीत गादी उभी केली, पंखा बंद केला. तरी ऐन ध्रुवपदात घरघर येतेच. ‘पुन्हा घे बे, गिरणी आली मंधात!’ हे वाक्य आमच्या गाण्यापेक्षा जास्त वेळा रेकॉर्ड झालंय.

आम्ही चौघं. एक गिटार, ड्रमऐवजी लाकडी खोकं आणि तीन अर्धवट गाणी. त्यात गिटारवाला पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पुण्याला चाललाय. म्हणजे बँड संपला का?

या प्रश्नावर मला ‘इंडस क्रीड’ची गोष्ट आठवते. १९८४मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड सुरू झाला. तेव्हा कॉलेजच्या स्टेजवर परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळायच्या. स्वतःचं गाणं वाजवणं म्हणजे रिस्कच! या पोरांनी ती घेतली. १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९९०मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले. १९९३मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं, १९९५मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७मध्ये बँड थांबला. प्रत्येकाची वाट वेगळी झाली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१०मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बलापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे मेंबर आले. जुनी हिट गाणी वाजवून शो करता आले असतेच की. त्यांनी नवी गाणी लिहिली. २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. ‘पर्ल जॅम’चा गाजलेला ‘टेन’ मिक्स करणारे तेच.

आता मिक्सिंग म्हणजे नेमकं काय, हे मलाही आधी माहीत नव्हतं. अल्बमची सुरुवात होते जॅमिंगने. कुणीतरी चार सूर छेडतो, दुसरा ठेका धरतो, शब्द नंतर येतात. जमलं की कच्चा डेमो. मग खरं रेकॉर्डिंग. बहुतेक वेळा आधी ड्रम, मग बास, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गळा. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा. सगळे एकाच लयीत राहावेत म्हणून हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक चालू असते, तिला क्लिक म्हणतात. मिक्सिंगमध्ये ठरतं की कोण किती मोठ्याने आणि कुठल्या बाजूने ऐकू यावं. मास्टरिंगमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणतात.

ही चैन पूर्वी नव्हती. ‘बीटल्स’नी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात पहिल्या अल्बममधली दहा गाणी रेकॉर्ड केली, तीही फक्त दोन ट्रॅकवर. जॉन लेननला सर्दी झाली होती. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे गळा फाडायला लावणारं गाणं म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथे चौघं एका खोलीत हवेतच.

आज ती अट नाही, आणि आमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सापडलं. क्लिक एकच असेल, तर गिटार पुण्यात आणि गळा जानेफळात असला तरी गाणं जुळतं. फक्त फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. नाहीतर आवाजाचा पार भुगा होतो.

पण जॅमिंगचं तसं नाही. एकाने चुकून लावलेला सूर दुसऱ्याने उचलायचा, तर दोघं समोरासमोर बसलेले लागतात. ते फाइलमधून होत नाही. म्हणून आम्ही प्लॅन बदलला. मित्र जाईपर्यंत फायनल रेकॉर्डिंग बंद. तिन्ही गाण्यांच्या चाली आधी पूर्ण करायच्या आणि मोबाईलवर मेट्रोनोमचं अ‍ॅप लावून, एका कानात क्लिक ठेवून, कच्ची गिटार भरून घ्यायची. बाकीचं लांबून होईल.

काल रात्री पहिलं गाणं पूर्ण झालं. डेमोत शेवटी लांबून कुत्रं भुंकतं आणि गिटारवाला म्हणतो, ‘राहू दे बे, चांगलं वाटते.’ ते आम्ही कापलं नाही.

अजून दोन गाणी बाकी आहेत. आज पुन्हा दहा वाजायची वाट बघतोय.