बैठक चालवणाऱ्याने बोलायचं किती?

“त्याला चार लोकांत छान बोलता येतं, मीटिंग त्यालाच घेऊ दे.” बहुतेक ऑफिसांत माणूस असाच निवडला जातो आणि मग तासभर तोच बोलतो. फॅसिलिटेशन, म्हणजे गटाकडून विचार करवून घेण्याचं काम, याबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज: हे अंगातच असावं लागतं.

अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबायची सवय लावल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनातल्या मनात तीन आकडे मोजायला कसली आलीय उपजत प्रतिभा? “कुणाला काही शंका?” म्हणून त्याच श्वासात “नाही ना? चला, पुढे” म्हणणारे साहेब आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

गैरसमज: सगळ्यांना एकत्र बसवून मोकळं सोडलं की कल्पनांचा पाऊस पडतो.

ही समजूत रुजवली जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी. १९५३च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात त्यांचा दावा होता की, एकट्याला जितकं सुचतं त्याच्या दुप्पट गटात सुचतं. पाचच वर्षांनी येल विद्यापीठात तो तपासला गेला, तर चित्र जवळपास उलटं निघालं. वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांच्या गटापेक्षा त्या सुमारे दुप्पट भरल्या. डील आणि श्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्ये यामागचं मोठं कारण दाखवून दिलं, आणि ते अगदी साधं आहे. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं विरून जातं.

त्यावरचा उपायही जुनाच आहे. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात माल वेळेत डिस्पॅच होत नाही. प्रॉडक्शनवाले आणि सेल्सवाले नेहमीप्रमाणे एकमेकांवर ढकलतात. स्टोअरकीपर खालमानेने बसलेला असतो. पॅकिंगचे खोके दुपारी उशिरा येतात, हे फक्त त्यालाच ठाऊक, पण त्याला विचारतो कोण? अशा वेळी चर्चा थांबवून प्रत्येकाला एक कागद द्यावा, पाच मिनिटं गुपचूप कारणं लिहू द्यावीत आणि मग क्रमाने एकेकाचा एकेक मुद्दा फळ्यावर घ्यावा. फळा भरेपर्यंत टीका बंद. खोक्यांची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या मुद्द्याला आपोआप वर येते. एरवी ती येतच नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच गट घोळत राहतो. स्टॅसर आणि टायटस यांच्या १९८५च्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं होतं.

गैरसमज: साहेबांनी आधी दिशा दिली की चर्चा भरकटत नाही.

भरकटत नाही हे खरं, कारण ती होतच नाही. साहेबांनी शेवटी बोलावं.

गैरसमज: एकमताची वाट पाहणं म्हणजे वेळेचा चुराडा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. मला तिथली त्याहून मोलाची वाटते ती दुसरी व्यवस्था. विषय समजून घ्यायला अभ्यासगट वेगळा. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बोलू शकतो, पण निर्णय मात्र ग्रामसभेचा. चर्चा आणि निर्णय यांच्या जागाच वेगळ्या. आपल्याकडे दोन्हींची खिचडी होते. आज फक्त मतं ऐकायची आहेत की ठरवायचं आहे, हेच बसलेल्यांना माहीत नसतं. म्हणून काही जण तावातावाने भांडतात आणि काही मोबाइल चाळतात. सुरुवातीलाच ते एका वाक्यात सांगून टाकावं, आणि ठरवायचं असेल तर कोण ठरवणार, तेही.

गैरसमज: सगळे हो म्हणाले, म्हणजे ठरलं.

“बघू या” आणि “करून टाकू” हेसुद्धा होच असतात. म्हणून उठण्यापूर्वी काम कुणाचं, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ज्याचं त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं. मिनिट्समध्ये “पाठपुरावा करण्यात यावा” असं वाक्य आलं, की कर्मणी प्रयोगात कर्ता हमखास निसटलेला असतो.