पाणी कमी पिणाऱ्या बायका

मुंबईहून सोलापूरमार्गे वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुधनी हे महाराष्ट्राच्या टोकाचं गाव. त्यापुढे कर्नाटक. अक्कलकोट तालुक्यातली ही छोटी नगरपरिषद म्हणजे तुरीची बाजारपेठ, घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने भांडणारी माणसं. इथून नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या बाईपुढे तीन वाटा असतात. तालुक्याला अक्कलकोट, जिल्ह्याला सोलापूर, नाहीतर सीमेपलीकडे कलबुर्गी. सोलापूर साधारण ७० किलोमीटरवर. रेल्वे आहे, एसटी आहे, वडाप आहे. शिक्षिका, नर्स, बँकेतली कारकून, तलाठी, कॉलेजची मुलगी, सगळ्याच अप-डाऊन करतात.

या अप-डाऊनवाल्या बायकांची एक सवय कुठल्याही सरकारी फायलीत नोंदलेली नसते. त्या पाणी पीत नाहीत. पर्समधली बाटली सकाळी भरून निघते आणि संध्याकाळी निम्मीअधिक भरलेलीच घरी येते. कारण उघड आहे. स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही, कचेरीतल्या संडासाला एक तर कुलूप असतं नाहीतर पाणी नसतं, आणि किल्ली शिपायाकडे मागायची म्हणजे सगळ्या टेबलांना कळायचं. त्यापेक्षा तहान परवडली. सोलापूरकडचा उन्हाळा ४३-४४ अंशांवर जातो. त्यात दिवसभर कोरडं राहिलं की उन्हाळी लागते, मग धण्याचं पाणी, मग सब्जा, मग चौथ्या दिवशी ताप चढल्यावर डॉक्टर. लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होऊन मूत्रपिंडापर्यंत पोचला तर ते काम साध्या गोळ्यांवर निभत नाही.

नोकरी आणि स्वतःची काळजी यांची सांगड हा विषय निघाला की मासिकांतून पहाटेचं ध्यान, फेशियल आणि ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असा सल्ला येतो. सल्ला वाईट नाही. पण दुधनीच्या फलाटावरून पाहिलं तर प्रश्न आधी संडासाच्या किल्लीचा असतो.

याच सोलापूरच्या स्टेशनातून १३ मार्च २०२३ रोजी सुरेखा यादव वंदे भारत एक्स्प्रेस घेऊन मुंबईला निघाल्या. ही गाडी चालवणारी पहिली महिला म्हणून त्या दिवशी त्यांचे फोटो सगळीकडे झळकले. साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या सुरेखाताईंनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख आहे. मालगाडी, मग २००० मध्ये लेडीज स्पेशल लोकल, घाटातली इंजिनं, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन. नवरा पोलिसात, पदरी दोन मुलगे. म्हणजे घरातल्या दोन्ही नोकऱ्या वेळीअवेळी बोलावणं येणाऱ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा सेवेला ३६ वर्षं झाली होती.

त्यांच्या कर्तबगारीचं कौतुक भरपूर झालं. इंजिनात संडास नव्हता, ही गोष्ट मात्र त्या कौतुकात फारशी आली नाही. जैविक शौचालय बसवलेलं पहिलं इंजिन भारतीय रेल्वेने रुळावर आणलं ते मे २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. म्हणजे सुरेखाताई नोकरीत आल्यावर २७ वर्षांनी. आज रेल्वेत दीड हजारांहून जास्त महिला चालक आहेत आणि बहुतेक इंजिनांत अजूनही ही सोय नाही. मालगाडी सिग्नलला तास-तास उभी राहते. पुरुष चालक खाली उतरून रुळाकडेला आडोसा बघतो. बाईने काय करायचं? ड्यूटीच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडणं आणि पाळीच्या दिवसांत जमेल तशी ड्यूटी बदलून घेणं, एवढंच हातात उरतं. जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठरलेला वेळ मिळावा, ही चालकांच्या संघटनांची मागणी जुनी आहे. एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने ती व्यवहार्य नाही असं कळवलं. रेल्वेचं वेळापत्रक मोडतं हे मान्य. पण शरीराचंही एक वेळापत्रक असतं आणि ते बोर्डाच्या परिपत्रकाने बदलत नाही.

आता घराकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक हिशेब आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट यांत बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करण्यात बायकांची १३७, पुरुषांची ७५. यात एक गोम आहे. ही सरासरी त्या-त्या दिवशी हे काम करणाऱ्यांचीच काढलेली आहे. ज्या पुरुषांनी कामाला बोटही लावलं नाही ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. पावणेपाच तासांवर घरकाम, त्यावर आठ तासांची नोकरी आणि दोन-तीन तासांचा प्रवास ज्या बाईच्या वाट्याला येतो, तिच्या चोवीस तासांतून पळवायला झोपच तेवढी उरते. ती पळवली जातेच.

महत्त्वाकांक्षा फक्त बढतीची आणि खात्याच्या परीक्षेची असते असंही नाही. सोलापूर-अक्कलकोट भागातल्या कित्येक बायकांनी कडक भाकरीवर धंदा उभा केला आहे. गरम पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ हाताने थापत थापत पापडाइतकं पातळ करायचं, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं आणि मग विस्तवाच्या धगीला लावून आतला ओलावा पुरता जाईपर्यंत ठेवायचं. ओलावा राहिला तर भाकरी वातड होते, धग जास्त झाली तर करपते. नीट जमली तर महिना-महिना टिकते, शेंगाचटणीबरोबर पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते. बचत गटाची बाई भाव ठरवते तेव्हा ज्वारी धरते, सरपण किंवा गॅस धरते, पिशवी आणि भाडं धरते. स्वतःची कंबर धरत नाही. चार-पाच तास चुलीपुढे मांडी घालून थापल्यावर मनगट, मान आणि डोळे काय म्हणतात ते वहीत कुठल्याच रकान्यात येत नाही. मोठी ऑर्डर आली की आनंद होतोच. फक्त ती ऑर्डर पुरी करायला लागणाऱ्या मदतनिसाची मजुरी भावात धरलेली नसल्याने सगळा भार पुन्हा त्याच दोन हातांवर येतो. सुरुवातीपासून भावात आपल्या मजुरीचे आणि आठवड्याच्या एका सुट्टीचे पैसे धरणं, ही या धंद्यातली खरी काळजी. ते धाडस ज्या गटांनी केलं त्यांचे भाव थोडे चढे असतात; घेणाऱ्याने कुरकुर करू नये.

दुखणं अंगावर काढण्याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे बायकांचं शिक्षण वाढलं, नोकऱ्या वाढल्या आणि रक्त मात्र घटलं. दम लागतो, पायात गोळे येतात, संध्याकाळी चिडचिड होते, आणि हे सगळं ‘दगदग आहे हो’ म्हणून खपून जातं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. पण चहाबरोबर घेतल्या तर चहातला तुरटपणा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतलेली गोळी जास्त लागू पडते.

दुखणं वेळीच तपासण्याच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याकडेच एक मोठा दाखला आहे आणि तो जिल्ह्याबाहेरच जास्त ठाऊक आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या विषाणूची, एचपीव्हीची, चाचणी ज्या गटात आयुष्यात फक्त एकदा करण्यात आली, त्या गटात आठ वर्षांनी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या आरोग्य धोरणांत त्यांचा आधार घेतला गेला. ज्यांच्यामुळे हे कळलं त्या बायका शेतात आणि रोजगारावर जाणाऱ्या होत्या. चाचणी त्यांच्या गावात गेली म्हणून झाली. एरवी देशात ३० ते ४९ वयातल्या जेमतेम दोन टक्के बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली आहे.

दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात कायद्यांची तुलना आपोआप होते. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. कर्नाटकाने त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने सरकारी आणि खासगी नोकरीतल्या बायकांसाठी महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा मंजूर केली. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची मर्यादा दिवसाला ९ तासांवरून १२ वर आणि दुकानांतली ९ वरून १० वर नेण्याला मान्यता दिली होती. जादा कामाला जादा दाम आणि कामगाराची संमती अशा अटी आहेत. पण घरी पावणेपाच तासांचं काम वाट बघत असलेल्या बाईची ‘संमती’ कोणत्या दबावाखाली होते, हे तिच्या मुकादमाला चांगलं ठाऊक असतं. पाळीच्या रजेवरही वाद आहेच. अशा रजेने मालक बायकांना कामावर घ्यायलाच कचरतील, असं म्हणणाऱ्या बायकाही आहेत आणि त्यांची भीती पोकळ नाही.

मिळणाऱ्या हक्काच्या रजाही पुरत्या वापरल्या जात नाहीत. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलं १८ वर्षांची होईपर्यंत १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून आहे. शाळेत दोनच शिक्षिका असतील तर एकीच्या रजेचा भार दुसरीवर पडतो, म्हणून अर्ज होत नाही, झाला तर ‘परीक्षा झाल्यावर बघू’ असं ऐकावं लागतं. शिवाय रजा मुलांच्या नावाने मिळते. स्वतःच्या तपासणीसाठी बाईला किरकोळ रजाच मोडावी लागते. आणि सरकारी तपासणी शिबिरं भरतात ती बहुधा कामाच्या दिवशी, सकाळी दहा ते पाच, म्हणजे नेमकं नोकरदार बायका गावात नसताना. दुधनीत ती रविवारी किंवा संध्याकाळी सोलापूरची गाडी आल्यानंतर ठेवली, तर अप-डाऊनवाल्यांना रजा न घालवता रक्त तपासून घेता येईल, आणि नगरपरिषदेला त्यासाठी वरून कुठला शासन निर्णय येण्याची वाट पाहावी लागणार नाही.