तक्रारींवर वाढलेला प्लॅनर

नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणशास्त्र विद्यापीठात वीजजाळ्याच्या देखभालीसाठी एक प्रणाली उभी राहत होती. तिच्या क्वेरींत इतकी टेबले जोडावी लागत, की पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग, जोडणीचे क्रम तपासण्यातच अडकून पडे. तिथल्या मार्टिन उटेश यांनी जनुकीय पद्धतीने क्रम शोधणारा 'जेको' लिहून दिला. मूळ सेटिंग बदलले नसेल तर १२ टेबलांपासून पुढे आजही तोच कामाला लागतो.

सगळेच वापरकर्ते काही कोड लिहीत नाहीत; बहुतेकांनी दिल्या त्या तक्रारी. 'क्वेरी संथ चालते' एवढ्याने कोणाच्या हाती काही लागत नाही. २००२ च्या ७.२ आवृत्तीत 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा आली आणि प्लॅनरने अंदाजे किती ओळी धरल्या, प्रत्यक्षात किती निघाल्या, हे शेजारी शेजारी दिसू लागले. माझ्या मते प्लॅनरच्या सुधारणेला याहून मोठा हातभार कोणत्याच अल्गोरिदमने लावला नाही.

त्यातूनच एक जुने दुखणे वारंवार पुढे येई. 'शहर पुणे' आणि 'पिनकोड ४११००४' या दोन अटी प्लॅनर स्वतंत्र मानतो आणि शक्यतांचा गुणाकार करतो. पिनकोडात शहर आलेच, हे त्याला कोण सांगणार? अंदाज हास्यास्पद कमी निघतो, मोजक्या ओळींपुरता बरा असलेला नेस्टेड लूप हा जोडणीचा प्रकार निवडला जातो आणि क्वेरी संपता संपत नाही. २०१७ च्या १० व्या आवृत्तीतल्या 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स'ने हे नाते सांगायची सोय झाली. फार उशिरा, असेच म्हणावे लागेल.

ओरॅकल डेटाबेससारख्या 'हिंट', म्हणजे क्वेरी कशी चालवायची याच्या थेट सूचना, देऊ द्या, ही मागणी मात्र गाभ्याच्या विकासकांनी वर्षानुवर्षे नाकारली. हिंट मिळाली की माणूस आपले काम भागवतो आणि प्लॅनरची चूक कळवत नाही, हे त्यांचे एक कारण. मध्यरात्री सर्व्हर आडवा झालेल्याला हे तत्त्वज्ञान गोड लागत नाही. (पीजी_हिंट_प्लॅन हे एक्स्टेन्शन उगाच वापरात नाही.)

लोकांनी पळवाट शोधलीच. 'विथ'मधली उपक्वेरी आधी वेगळी चालवली जाई, प्लॅनर तिच्या आत डोकावत नसे. म्हणून जाणकार तिचा वापर गुपचूप हिंटसारखा करत. इतरांच्या क्वेरी त्याच कारणाने रखडत. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत ती भिंत पाडली, आणि जुन्या वापरावर विसंबलेल्यांसाठी 'मटेरियलाइज्ड' हा शब्द ठेवला. हिंट नको म्हणणाऱ्यांनी एक हिंट अशी दिलीच.